चुकीची शुभेच्छा

"डोळा आहे ना जागेवर?"

ऐलिफचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. नेमबाजीच्या मैदानावर, ओल्या चटईवर मी पालथी पडले होते. आयुष्यातली पहिली गोळी नुकतीच झाडली होती आणि उजव्या भुवईतून काहीतरी गरम गरम नाकाकडे ओघळत होतं. गोळी कुठे गेली ते देवालाच ठाऊक.

"दोन्ही आहेत," मी म्हटलं. "तू तुझं काम बघ."

"हेच माझं काम. मंगळवारी आणि गुरुवारी. बाकीचे दिवस विजेच्या खांबांवर असतो." तो गुडघे टेकून बसला आणि खिशातून पट्टी काढली. "बंदुकीवरची दुर्बीण बसली ना भुवईवर? मान पुढे काढली की बसते."

"मी मान पुढे काढली नव्हती."

"मग दुर्बीणच चालत आली असेल."

असा संताप आला म्हणून सांगू! मी त्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. त्या इथे लिहीत नाही, बाबा वाचतील. तो मात्र शांतपणे पट्टी चिकटवत राहिला. रिमझिम चालू होती, त्याची बोटं गार होती... डोळे राखाडी, आणि डासांनी नाकाचा शेंडा चावून लाल करून टाकलेला. हे सगळं मी एवढं निरखून का पाहत होते, कोण जाणे.

"बंदूक ओडवार काकांची ना?" त्याने दस्त्यावर कोरलेलं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. "म्हणजे तू त्यांची मुलगी, तोरुन. बर्गनला असतेस ती."

"असायचे," मी म्हटलं.

नऊ वर्षं मी बर्गनला दातांच्या दवाखान्यात होते. एप्रिलमध्ये बाबांवर ट्रॅक्टर उलटला, उजवा खांदा पार गेला, आणि मी सामान बांधून दरीत परत आले. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर कधीच जाणार नाही. बाबा म्हणाले, "ठीक आहे, जेवता येतंय ना." आणि खिडकीपाशी जाऊन बसले. बसले ते बसलेच.

एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला आमच्या दरीत नऊ जणांची टोळी जाते. दलदलीच्या काठावरची जागा आमच्या शेताची. बाबा तिथे एकेचाळीस शरद ऋतू उभे राहिले. पण टोळीचा नियम पक्का – एक मोसम त्या शेताच्या घरातलं कुणी उभं राहिलं नाही की जागा वाट पाहणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाला जाते. आणि उभं राहायचं तर दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. चार आत आणि एक बाहेर म्हणजे नापास. आमच्याकडची शेवटची परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी.

"जाऊ दे गं ती जागा," बाबा म्हणाले होते. ते रागावले असते तर परवडलं असतं. पण ते "जाऊ दे" इतक्या हळू म्हणाले... की मी दुसऱ्याच दिवशी कपाटातून बंदूक काढली.

तर अशी मी. वय वर्षं तीस, भुवईला पट्टी, आणि हातात सात आठवडे.

पुढच्या मंगळवारी ऐलिफने आधी मला बंदूक धरायला शिकवली. "दस्ता हाडावर नको, खांद्याच्या खळगीत. घट्ट. अजून घट्ट. सैल धरलीस की ती लाथ मारते. घट्ट धरलीस की नुसती ढकलते."

"तुला बरंच माहीत आहे लाथांबद्दल."

"गुरुवारी दोन शिव्या खाल्ल्यात. लाथ राहिली आहे अजून."

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

गोळ्या मात्र कधी डावीकडे मातीत, कधी खाली गवतात. मी शपथेवर सांगत होते की दुर्बीण वाकडी आहे. ऐलिफने माझ्या हातातली बंदूक घेतली, माझ्याकडे पाठ करून गोळ्या भरल्या आणि परत दिली. "मार."

ठो! खांद्याला धक्का. पुन्हा नेम धरला, चाप ओढला...

खट्.

ठो झालंच नाही. पण माझे डोळे गच्च मिटले होते, खांदा कानाला लागला होता, आणि बंदुकीची नळी चक्क जमिनीकडे वाकली होती. गोळीविना! मी एकटीच दचकले होते.

"खोटं काडतूस होतं," तो म्हणाला. "मधूनमधून घातलंय. दुर्बीण सरळ आहे, तोरुन. धक्का बसायच्या आधीच तू घाबरतेस."

"लबाडी आहे ही!"

"आहे." तो चटईवर माझ्याशेजारी लोळला, कोपरं टेकून. "कधी वाजेल ते तुला कळता कामा नये. श्वास अर्धा सोड, थांब, आणि चाप हळूहळू दाबत राहा. ओढू नकोस. वाजली की तुला स्वतःलाच नवल वाटलं पाहिजे."

मग काय, जुलै असाच गेला. खट्, ठो, खट्, खट्, ठो. खांद्यावर निळं, मग पिवळं, मग पुन्हा निळं. आमच्याकडे तेव्हा रात्री दहालाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे घरी जायची घाई कुणालाच नसायची. बोरघिल्दमावशी नेमबाजी क्लबच्या ओट्यावर वॉफल भाजायच्या, त्यावर तपकिरी चीज. सगळ्या दरीच्या त्या मावशी, आणि परीक्षकही त्याच. आम्ही दोघं पायरीवर बसून खायचो.

"खट् झालं तेव्हा आज डोळे मिटले नाहीस," एका गुरुवारी तो म्हणाला.

"तू माझ्या डोळ्यांकडे पाहत होतास?"

"म्हणजे... शिकवणाऱ्याला पाहावं लागतं."

"आणि आत्ता? आत्ता तर मी वॉफल खातेय."

त्याचे कान लाल झाले. इतका मोठा माणूस, वीस मीटर उंच खांबावर वाऱ्यात चढणारा, आणि कान असे! मला त्या क्षणी तो इतका आवडला की वॉफल घशात अडकला. उगाच खोटं कशाला बोलू?

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी तो आला नाही. वादळाने तारा तुटल्या होत्या. माझ्या पाचातल्या चार गोळ्या वर्तुळात बसल्या, आणि मी बोरघिल्दमावशींसमोर नाचायचीच बाकी होते.

"मनाचा मोठा आहे हो पोरगा," मावशी वॉफलचं पीठ ढवळत म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर शिकवलं नसतं."

"का?"

"का म्हणजे? यादीत पहिला तोच आहे की. सात वर्षं वाट बघतोय. तू नापास झालीस की जागा त्याचीच." त्यांनी वर पाहिलं आणि पळी थांबवली. "त्याने सांगितलं नाही तुला?"

नाही. सात आठवड्यांत एकदाही नाही.

घरी जाताना माझ्या डोक्यात नुसती खोटी काडतुसं वाजत होती. खट्. खट्. खट्. मग ती शिकवायला होती, की मी खरं शिकूच नये म्हणून? आणि ते कान लाल होणं, तेही खोटंच का? रडू येत होतं आणि रागही. मी फोन बंद करून ठेवला. शुक्रवारी तो दारापर्यंत आला, तेव्हा बाबांना सांगायला लावलं की मी झोपले आहे. दुपारचे तीन वाजले होते.

शनिवारी सकाळी बाबा स्वतः गाडीत येऊन बसले, हात गळ्यातल्या झोळीत. मैदानापाशी पोचल्यावर म्हणाले, "मी इथेच बसतो. मला बघवणार नाही." मग खिडकीची काच खाली केली, डाव्या हाताने माझा गाल थोपटला आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "जा. तुझी शिकार मातीत जावो!"

हसू नका. शिकारीला निघालेल्याचं वाईटच चिंतायचं असतं. चांगलं चिंतलं की नेमकं उलटं होतं. दूध पिणारं पोरही आमच्या दरीत हे जाणतं. हाडवैर असल्याशिवाय कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही.

फाटकापाशी ऐलिफ उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात कामावरचाच कोट. दोन दिवस तारा जोडत होता, हे मला नंतर कळलं. मी त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

"तोरुन, थांब, मला सांगायचं होतं..."

"कळलंय मला. यादी कळली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं... आणि तो म्हणाला,

"तुला मनापासून शुभेच्छा!"

ओट्यावरची सहा-सात माणसं जागच्या जागी थिजली. मावशींच्या हातातली गुण लिहायची पाटी खाली पडली. कुणीतरी पाठीमागे "अरे देवा" म्हणालं. उघड तोंडावर! सगळ्यांच्या देखत!

"थँक यू," मी म्हटलं. माझा आवाज बर्फासारखा गार होता, आणि आत मी पार मोडून गेले होते.

चटईवर पालथी झाले. स्वतःच्या हाताने, स्वतः मोजून, पाच गोळ्या भरल्या. दस्ता खळगीत. घट्ट. श्वास अर्धा सोडला. चाप दाबत राहिले, दाबत राहिले... ठो! मला स्वतःलाच नवल वाटलं. डोळे उघडे होते.

दुसरी. तिसरी. बंदूक नुसती ढकलत होती, लाथ मारत नव्हती. आणि चौथी झाडल्यावर मला एकदम उमगलं. अगं वेडे! हे सगळं तुला कुणी शिकवलं? ज्याला तुला पाडायचं होतं, तो हा श्वास, ही खळगी, हे दाबणं शिकवेल? आठवड्यातून दोनदा, डास अंगावर घेऊन? तुझी दुर्बीण वाकडी आहे म्हटल्यावर नुसतं "हो" म्हणाला असता तरी काम झालं असतं त्याचं!

मग ती शुभेच्छा... अरे देवा. मग ती शुभेच्छा काय होती?

आणि हे मनात आलं नि पाचवी गोळी सुटली.

कुठे लागली, कळलं नाही. मावशी चष्मा पुसत लक्ष्याकडे निघाल्या. शंभर मीटर जायला त्यांना जन्म लागला असावा. मीही मागे गेले. चार भोकं छान आत होती. पाचवं अगदी कडेला, रेषेवर. मावशी वाकल्या, नाक कागदाला लावलं, मग दुसरा चष्मा काढला. मी देवाचं नाव घेत होते. माझ्या मागे कुणीतरी धापा टाकत होतं. ऐलिफ होता.

"रेषेला शिवलंय," मावशी म्हणाल्या. "शिवलं म्हणजे आत." आणि सरळ झाल्या. "पास!"

धप्पकन आवाज झाला. ऐलिफ गवतात बसला होता. चेहरा दोन्ही हातांत, खांदे गदागदा हलत होते. मावशींनी आम्हा दोघांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि "माझं पीठ आंबेल" असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या.

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "यादीचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू शिकायला आली असतीस?"

"नसते आले."

"म्हणूनच." त्याने डोळे पुसले. "आधी वाटलं, एक आठवडा शिकवू, जमलं नाही तर तिचं नशीब. मग वाटलं, जमू दे. मग तर झोपच उडाली माझी. सात वर्षं जी जागा हवी होती, ती मला मिळू नये म्हणून जीव टांगणीला! असं कुणाचं होतं का?"

"आणि शुभेच्छा का दिल्यास, गाढवा?"

"तोंडातून निसटल्या गं! वाईट चिंतायचं म्हटलं, पण तुझं वाईट... ते तोंडातून निघेचना. नुसतं तोंडानेसुद्धा."

माझा जीव असा भांड्यात पडला की सांगू नका. दोन दिवसांचा राग, भीती, सगळं एकदम उतरलं, आणि त्या ओल्या गवतात बसून मी हसतही होते आणि रडतही होते.

"ऐक," मी म्हटलं. "पहिल्या वर्षी नवख्याबरोबर जागेवर कुणीतरी जाणता माणूस बसतो. बाबांना दलदल तुडवता येणार नाही. तू येशील? तुझी बंदूक मात्र घरी ठेवावी लागेल."

"बंदुकीशिवाय येतो. कॉफी घेऊन येतो. उपाशी ये म्हणालीस तरी येतो."

"आणि तिथे चार-पाच तास एक शब्दही बोलायचा नसतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग जे काय बोलायचं असेल... ते आत्ताच बोलून घे."

त्याचे कान लाल झाले. पण या वेळी त्याने नजर खाली नेली नाही.

"तू मला आवडतेस, तोरुन. फार. पहिल्या दिवसापासून नाही हं, पहिल्या दिवशी तू शिव्या दिल्यास. दुसऱ्या दिवसापासून."

"मला तू वॉफलच्या दिवसापासून," मी म्हटलं, आणि त्याचा चिखलाने माखलेला हात हातात घेतला.

आम्ही तसेच गाडीपाशी गेलो. बाबा डोळे मिटून बसले होते. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी एक डोळा उघडला.

"पास?"

"पास, बाबा."

त्यांनी दोन्ही डोळे पुन्हा मिटले. मग उघडले, तर समोर ऐलिफ, चिखलात लडबडलेला आणि माझा हात धरून उभा.

"याची तर जागा गेली ना?" बाबा मला म्हणाले. "मग हा हसतोय कशाला?"

मी ऐलिफचा हात अजून घट्ट धरला. बाबांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

"बस मागे," ते ऐलिफला म्हणाले. "आधी बूट झटकून घे."