स्टेपनी सुटत नव्हती

निघताना तिने पिशवी दोनदा तपासली होती. दवाखान्याचा कागद, दुधाची बाटली, दोन लंगोट आणि खुळखुळा. आठ महिन्यांचं बाळ तीन दिवस तापाने फणफणत होतं. सकाळी त्याचे डोळे क्षणभर वर गेले होते. डॉक्टरीणबाई शनिवारी पाचला दवाखाना बंद करून जायच्या, त्या थेट सोमवारी उगवायच्या. म्हणून साडेतीनलाच ती नवऱ्याच्या पिकअपमध्ये बसली. पाऊण तासाचा रस्ता. वेळ भरपूर होता.

बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्यापाशी मागचं चाक बसलं.

"पाच मिनिटांचं काम," नवरा उतरत म्हणाला.

"पाच मिनिटं घड्याळाची, का तुमची?"

तो हसला. घरोघरी पाण्याचे जार पोचवणारा माणूस तो. चाक बदलणं त्याला नवं नव्हतं. पण ही गाडी त्याने महिन्यापूर्वीच कुणाकडून तरी जुनी घेतलेली. तिची स्टेपनी मागे हौद्याखाली साखळीला टांगलेली होती. हँडल फिरवलं की साखळी सैल होते आणि टायर खाली येतो. त्याने हँडल फिरवलं. साखळी खळखळत खाली आली. टायर मात्र वरच राहिला.

त्याने हातोडीने ठोकलं, लाथ घातली. टायर वीतभर खाली आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूच परत वर गेला.

"गंज धरलाय," तो म्हणाला. आवाज जरा पडलाच होता.

"गंज वर ओढतो होय? घेताना स्टेपनी काढून बघितली होती का?"

"त्या माणसाने सांगितलं ना, चार वर्षांत तिला हात लावायची वेळच आली नाही म्हणून."

"आणि तुम्ही मान डोलावलीत! मी अर्धा किलो कांदे घेते तर एकेक उलटापालटा करून बघते. तुम्ही अख्खी गाडी घेतलीत, चहा पीत पीत!"

नवऱ्याने जॅक काढला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कारखान्याच्या पत्र्यांवर पांढरी पूड साचलेली, वारा म्हणून नाही. फोनला रेंज नव्हती. बाळ रडायचं थांबून नुसतं कण्हत होतं. रडणं परवडलं, हे कण्हणं नको, असं तिला झालं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

जॅकवर गाडी उचलली तरी नवऱ्याचं पोट काही खाली मावेना. तिने बाळ त्याच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"तू नको जाऊ..."

"मग कोण जाणार? तो विकणारा येणार आहे?"

ती पाठीवर सरकत आत गेली. ग्रीसचा वास आला, तापलेल्या रबराचा आला, आणि त्यांच्या मागून एक ओळखीचा वास. आंबलेल्या दुधाचा. तिने मोबाईलचा उजेड पाडला. साखळी मोकळीच लोंबत होती. टायर कशाच्याही आधाराशिवाय हौद्याला चिकटून होता.

कुठे अडकलाय ते चाचपायला तिने टायरच्या वरच्या फटीत हात घातला.

आत काहीतरी मऊ होतं, गार होतं. त्याने तिचं बोट धरलं.

बाळ धरतं तसंच, मूठ आवळून. बोटं इवली इवली होती. पण पुष्कळ होती... मोजू नयेत इतकी.

किंचाळायला तिने तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच बाहेरून बाळाचं कण्हणं ऐकू आलं. भीती राहिली बाजूला, तिचं टाळकंच सरकलं.

"लाज नाही वाटत? माझं लेकरू तापाने भाजतंय आणि तुला खेळ सुचतोय? सोड! सोड म्हणते ना!"

"कुणाशी बोलतेस...?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

मूठ आणखी आवळली. तेव्हा तिला रोजचं आठवलं. बाळाने कात्री धरली, केस धरले, की ओढून उपयोग नसतो. दुसरं काहीतरी पुढे करायचं, म्हणजे पहिलं आपोआप सुटतं.

"अहो... खुळखुळा द्या."

"आत्ता?"

"द्या!"

लाल खुळखुळा तिने दोनदा वाजवला आणि फटीत सरकवला. "हे घे. हे धर. शहाणं ना तू?"

बोट सुटलं. मग धप्पकन टायर तिच्या खांद्याशेजारी पडला. कोरा करकरीत होता. आणि कुणी अंगाखाली धरून ठेवावा तसा ओलसर.

चार चाळीसला गाडी निघाली. बाळाला दुपट्यात गुंडाळून तिने छातीशी धरलं होतं आणि नजर घड्याळावर ठेवली होती. मागे हौद्याखाली खुळखुळा वाजत होता. कधी जोरात, कधी थांबून थांबून.

"काय वाजतंय गं?"

"दगड असेल. चला तुम्ही."

मग वाजणं थांबलं. नवऱ्याने आरशात पाहिलं. "अगं, रस्त्यावर काहीतरी पडलं. लाल लाल... आपला खुळखुळाच. थांबू का?"

तिने बाळाला आणखी जवळ ओढलं. लहान मुलं हातातलं टाकतात, ते दुसरं काही सापडलं की.

"थांबू नका," ती कशीबशी म्हणाली.

तिने खाली पाहिलं. दुपट्याचं टोक सीटखाली गेलं होतं. ताठ झालं होतं. तिने ओढलं. खालूनही ओढलं गेलं.

"हे माझं आहे," ती दातओठ खात पुटपुटली. "कळलं? हे नाही मिळायचं."

तिने बाळ दुपट्यातून सोडवून घेतलं, त्याचे पाय वर ओढले आणि दुपटं सोडून दिलं. ते हळूहळू, सावकाश सीटखाली गेलं. तिथे भोक नव्हतं, साधी फटसुद्धा नव्हती.

दवाखान्याची पाटी दिसायला लागली. पाचला पाच मिनिटं कमी होती. बाळाचं कण्हणं थांबलं होतं. तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते हसत होतं.

ते तिच्याकडे बघत नव्हतं. मान वाकडी करून सीटखाली बघत होतं, आणि कुणाला तरी काही द्यावं तसा आपला मोकळा हात खाली पुढे करत होतं.