सतराव्या खांबावरची लाल रेघ

पुसलेले कुंकू परत येत नाही, एवढे अकरा वर्षांच्या मैथिलीला पक्के ठाऊक होते. म्हणून सतरावा खांब तिसऱ्यांदा पुसल्यावरही त्याच जागी तीच लाल रेघ उमटली, करंगळीएवढी लांब आणि केसाएवढी बारीक, तेव्हा ती फडके हातात धरून उभीच राहिली.

सन २०५१ चा दसरा होता. नागपुरात ऑक्टोबरातही उन्हात खेळणे आता शक्य नव्हते. म्हणून शहरातले बालपण एका प्रचंड वातानुकूलित इमारतीत हलवण्यात आले होते आणि या स्थलांतराला प्रगती म्हणण्याची पद्धत होती. त्या इमारतीच्या अंधारात 'गरुडझेप' ही रोलर कोस्टर एकतीस वर्षे धावत होती. तिची निगा मैथिलीची आई, फिटर निर्मला बोरकर, राखत असे. दर खंडेनवमीला गाडीच्या सगळ्या बेचाळीस खांबांना निळ्या रंगाचा नवा हात मिळे, झेंडूची तोरणे मिळत आणि सर्वांत मोठ्या उताराच्या तळाशी असलेल्या सतराव्या खांबावर नारळ फुटे. जुना रंग कोणी खरवडत नसे. रंगावर रंग, असे एकतीस थर.

गेली दोन वर्षे गाडी त्या तळाशी आली की बसणाऱ्याच्या पाठीत एक धक्का बसे. निर्मलाने तो नोंदवहीत अकरा वेळा लिहिला होता. व्यवस्थापनाने त्या नोंदी वाचल्या असाव्यात, कारण प्रवेशद्वारावर लवकरच पाटी लागली : 'आता तळाशी नवा थरार'.

दसऱ्याची पहिली फेरी निगा राखणाऱ्याची, असा तिथला रिवाज होता. अर्ध्या तासाने आई पुढच्या आसनावर एकटी बसणार होती आणि तिच्यानंतर शाळेची साठ मुले.

"आजोबा, हे कुंकू पुसलं जात नाही," मैथिली म्हणाली.

तिचे आजोबा, म्हणजे निर्मलाचे वडील डॉ. भास्कर हेडाऊ, निवृत्त धातुशास्त्रज्ञ होते. त्यांनी चष्मा लावला आणि रेघेवरून नख फिरवले.

"तू पुसतेस ते वरचं. येतंय ते आतून. पूजेतली रांगोळी आण."

मैथिलीने पांढरी पूड खांबावर भुरभुरली. दोन मिनिटांत रेघ ठळक झाली आणि दोन्ही टोकांना पेरभर लांबली.

"काल नारळ इथे आपटला, तेव्हा रंगाचा टवका उडाला आणि पोलाद उघडं पडलं," आजोबा म्हणाले. "त्यावर तुम्ही तेलात कालवलेलं कुंकू लावलं. बारीक फटीत तेल आपोआप ओढलं जातं. याला केशाकर्षण म्हणतात (केसाएवढ्या अरुंद जागेत द्रव स्वतःहून शिरणे). रांगोळी तेच तेल टीपकागदासारखं बाहेर शोषते. खांबाला तडा गेलाय."

"पण कुंकवाचे कण एवढ्या फटीत कसे शिरले?"

"शिरलेच नाहीत. अस्सल हळदीचं कुंकू असतं तर बाहेरच राहिलं असतं. हे भेसळीचं आहे, याचा रंग तेलात विरघळतो. या खांबाची सहा वर्षांतली एकमेव प्रामाणिक तपासणी भेसळीने केली."

एवढ्यात तपासणी करणारा यंत्रमानव 'दक्ष' चाकांवरून आला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "खांब सतरा, निर्दोष."

"तुला काय दिसतं, दक्ष?" मैथिलीने विचारले.

"रंग दिसतो. टवका उडाला आहे. शोभेची किरकोळ बाब."

"आणि रंगाखाली?"

"रंगाखाली ध्वनिलहरींनी तपासण्याची आज्ञा सहा वर्षांपूर्वी रद्द झाली. त्या तपासणीला चाळीस मिनिटे लागत. दार उशिरा उघडे."

"यंत्र खोटं बोलत नाही," आजोबा म्हणाले. "त्याला खरं विचारायचं नाही, एवढी काळजी घेतली की पुरतं."

व्यवस्थापक पिंपळखुटे घड्याळ पाहत आले. मागे निर्मला होती. त्यांनी रेघ पाहिली आणि समजुतीने हसले. "डॉक्टरसाहेब, एकतीस वर्षं काही झालं नाही. आज सणाच्या दिवशी काय होणार?"

तोरणातली लोखंडी तार ओढून आजोबांनी मैथिलीला दिली. "वाकव, मग उलटी वाकव. मोजत राहा."

तेविसाव्या वेळी तार तुटली.

"बाविसाव्यापर्यंत काय झालं?"

'काही नाही' हे मैथिलीच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. "होत होतं," ती हळूच म्हणाली. "दिसत नव्हतं."

"याला धातूची श्रांती म्हणतात (वारंवार पडणाऱ्या लहान ताणांनी धातू आतून थकणे). उताराच्या तळाशी आपण खाली दाबले जातो ना?"

"हो. मान उचलवत नाही."

"तिथे प्रत्येकाचा भार जवळजवळ चौपट होतो. तो हा खांब पेलतो आणि गाडी गेली की सोडतो. दाब, सोड. दक्ष, किती फेऱ्या झाल्या?"

"पाच लाख अठ्ठावन्न हजार."

"प्रत्येक फेरीने तडा किंचित पुढे सरकतो. जितका तो वाढतो, तितक्या कमी पोलादावर तोच भार येतो. मग एके दिवशी, नेहमीच्याच फेरीत, खांब तुटतो. काही झालं नाही, हा मजबुतीचा पुरावा नव्हे. तो फक्त आजवरचा आकडा आहे."

पिंपळखुट्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले. "मुलं दारात उभी आहेत. निर्मलाताई, तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसरा फिटर बसवतो."

मैथिलीने आईचा हात धरला. आईने तो सोडवला नाही. दुसऱ्या हाताने तिने शेजारच्या फलाटावर उभ्या गाडीच्या पहिल्या डब्याचा सुरक्षा-दांडा वर केला आणि बाजूला सरकली.

"पहिली फेरी निगा राखणाऱ्याची असते, साहेब. मी अकरा वेळा लिहिलं. सहा वर्षं निगा तुमच्या आज्ञेने चाललीय. मान तुमचा आहे. बसा."

पिंपळखुट्यांनी रिकाम्या आसनाकडे पाहिले, मग लाल रेघेकडे. मग त्यांना एक तातडीचा फोन आठवला.

'गरुडझेप' त्या दिवशी सुटली नाही. दारावर पाटी लागली : 'सणानिमित्त बंद'. आठवड्याने खांब कापला, तेव्हा तडा दोनतृतीयांश आत गेलेला निघाला. तो वेळेत सापडल्याचे श्रेय वार्षिक अहवालात 'व्यवस्थापनाच्या सतर्कतेला' देण्यात आले. ध्वनिलहरींची आज्ञा मात्र परत आली, कारण आजोबांनी कापलेल्या खांबाचे छायाचित्र त्या साठ मुलांच्या शाळेत पाठवले होते.

नवा खांब उभा राहत होता, तेव्हा मैथिलीने विचारले, "आई, नारळ एकाच खांबावर फुटतो ना?"

"एकाच."

"मग उरलेल्या एक्केचाळीस खांबांवरचा रंग कोण काढणार?"

आईने तिच्याकडे पाहिले आणि अवजारांच्या पेटीतून दोन खरवडण्या काढल्या. दक्ष आपला ध्वनिमापक पुढे करून शेजारी थांबला. मैथिली अठराव्या खांबाशी बसली. निळ्याखाली निळा निघत गेला, थरामागून थर, आणि बऱ्याच वेळाने पोलादाचा पहिला राखाडी ठिपका दिसला.

"आता पोलादाला विचार," ती दक्षला म्हणाली.