तीन उजळ ठिपके

दारावरचा लाल दिवा चालू असताना आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. त्याने मात्र दार सताड उघडलं, आणि माझं दोन तासांचं मोजमाप पाण्यात गेलं!

"दिवा दिसला नाही?" मी त्याला चांगलंच धारेवर धरलं.

"दिसला... मला वाटलं, आत कुणीतरी आहे एवढंच सांगत असेल."

हा इस्पितळातला डॉक्टर. हातातल्या डबीत पेशंटच्या ऊतींचे पातळ काप. आमच्या रामन यंत्रात अशा कापावर लेझर सोडायचा आणि परतणारा अंधुक प्रकाश ठिपक्या-ठिपक्याने मोजायचा. निरोगी भाग कुठे संपतो अन् आजार कुठे सुरू होतो, ते त्यातून उमगतं. पण खोलीत मिट्ट काळोख हवा. जरासा बाहेरचा उजेडही यंत्र टिपून ठेवतं.

त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला. दर मंगळवारी यायचा, स्टुलावर निमूट बसायचा. काळोखात आम्ही हळू आवाजात बोलत राहायचो... त्याचा आवाज मला पाठ झाला होता, हसण्याआधीचा छोटासा थांबासुद्धा. चेहरा मात्र शेवटी दिवा लावल्यावर जेमतेम पाच मिनिटं दिसायचा.

"काळोखात बसायला जातेस, तर केस कशाला धुतेस गं दर मंगळवारी?" घरी आत्याने एकदा विचारलंच.

आज शेवटचा काप होता. यानंतर त्याला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं.

"आज गप्प गप्प?"

"मोजतेय."

"मोजतंय ते यंत्र. तुम्ही नुसत्या बसलाय."

मग भिंतीला डोकं टेकल्याचा आवाज आला, आणि नुसता त्याचा संथ श्वास ऐकू येत राहिला. बराच वेळ...

मोजणी संपली, मी दिवा लावला. पडद्यावर कापाचा निळा नकाशा उमटला होता — आणि त्यात तीन ठिपके भलतेच उजळ.

तो वाकून बघत राहिला. "हे ऊतींमधलं नाही. बाहेरचा उजेड आहे. तीनदा. आणि माझा मोबाइल तर तुम्ही दारातच काढून घेता."

"मी... वेळ बघत होते."

"मोबाइल माझ्याकडे वळवून? डोळे मिटले होते मॅडम, झोपलो नव्हतो."

आता लपवायचं तरी काय? "तुम्हाला बघायचं होतं," मी म्हटलं. "पुन्हा दिसाल की नाही, म्हणून."

तो छोटासा थांबा आला... आणि तो हसला.

"काप शाबूत आहे ना? मग उद्या पुन्हा मोजू. पण आधी बाहेर उन्हात बसू थोडा वेळ. मलाही तुम्हाला नीट बघायचंय."

निघताना दारावरचा लाल दिवा त्यानेच बंद केला.