जिन्यावरची ती

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची. दिसलं तर दिसलं, नाही तर भिंग बदलायचं. मधलं काही नसतं. आणि माझ्याच बाबांची नजर गेली, तर तिच्यासाठी कुठलंच भिंग नाही, याचा मला अजून राग येतो.

बाबांना जुन्या ब्रिटिश भुतांच्या सिनेमांचं आणि मालिकांचं भारी वेड. स्टुडिओत सोडलेलं धुकं, धक्का लागला की हलणारी पुठ्ठ्याची थडगी, आणि समोर भूत उभं राहिलं तरी आवाज न चढवणारी माणसं. "इंग्रज भुताला आधी चहा विचारतो, मग घाबरतो," बाबा म्हणायचे. "म्हणून तर आपली जास्त तंतरते." रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी शेजारी बसून त्यांना पडद्यावरचं सांगायचे. त्यातला एक कृष्णधवल सिनेमा त्यांचा फार लाडका. कधीकाळी त्यांनीच तो टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घेतला होता.

त्यावरूनच आमचं बिनसलं.

"पाद्री मेणबत्ती घेऊन दिवाणखान्यात आलाय," मी सांगत होते. "जिना रिकामा आहे."

"रिकामा कसा? ती उभी आहे ना."

"कोण ती?"

"झग्याची सळसळ ऐकू येत नाही तुला? नीट बघ, बयो."

मी नीट बघितलं. चित्र थांबवून, पडद्याला नाक लावून बघितलं. जिना होता, कठडा होता, भिंतीवर पाद्र्याची सावली होती. बाई नव्हती. पुढच्या रविवारी ती थोडी खाली उतरली होती म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी खाली. मी जाम वैतागले. कॅसेट तीच, सिनेमा तोच. त्यातलं माणूस दर आठवड्याला जागा बदलेल कसं?

"मग तूच चष्मा लाव," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही, ते ताईमुळे. माझी थोरली बहीण दुसऱ्या शहरात नर्स आहे. बाबांना भास होतायत, मी दिवसभर दुकानात असताना त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही, वृद्धाश्रमात हलवू, असं तिने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. हे घर बाबांच्या हातांना पाठ आहे. इथून हलवलं तर ते खचतील. पण ताईपुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

शेवटी खूप शोधून मी त्या सिनेमाची नवी डिस्क मिळवली. ओरखडे पुसलेली, खरखर काढून टाकलेली. रविवारी बाबांना न सांगता तीच लावली. पाद्री आला. मेणबत्ती आली. मी मुद्दाम गप्प राहिले.

बाबांनी मान तिरकी केली. "आज जिन्यावर कुणी नाही गं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जुन्या टेपची खरखर! तिलाच ते सळसळ समजत होते. बाबांचे कान तिखट होते आणि डोकं ठणठणीत होतं. मी टीव्ही बंद केला, तिथूनच ताईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पण मग ती गेली कुठे?" बाबा मध्येच पुटपुटले. मी त्यांच्या गुडघ्यावर थोपटून त्यांना गप्प केलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग नरमली.

"बरं बाई, खरखरच असेल. राहू दे त्यांना तिथेच."

"नक्की?"

"हो गं. पण तो टीव्ही आधी बंद कर. काही ऐकू येत नाहीये."

मी टीव्हीकडे बघितलं. पडदा काळा होता.

"आणि सळसळ कसली चाललीये एवढी?"



शेजारी बाबांनी पसरलेले पाय अलगद जवळ ओढून घेतले, कुणाला तरी पुढून जायला वाट द्यावी तसे.