उत्कर्षाचे बाबा जेवले नसतील तर

कुरुदच्या आमच्या घरात पाण्याची मोटर आणि दिवे एक छोटं यंत्र चालवायचं. ते मुलीने, उत्कर्षाने, बसवलं होतं. नियम मोबाईलवर मराठीत लिहायचे: टाकी अर्धी असेल तर मोटर चालू. पण तिचा प्रोग्राम लिहिलेलं जसंच्या तसं चालवत नसे. आधी एकेक शब्द तपासायचा. टाकी, वीज, अंधार एवढेच त्याच्या ओळखीचे. अनोळखी शब्द दिसला की तो नियम सोडून द्यायचा.

"नाहीतर कोणीबी काहीबी लिहिते अन् मशीन करून मोकळी," उत्कर्षा म्हणायची.

माझ्या बायकोने, रमाने, लिहिलं होतं: उत्कर्षाचे बाबा जेवले नसतील तर स्वयंपाकघरातला दिवा लाव. माझं नाव तिने कधी घेतलं नाही, यंत्रापुढेही नाही. प्रोग्रामने नियम सोडून दिला.

"मशीनले बी तुमची ओळख नाही," रमा हसली.

रमा गेली. एकट्याला जेवण जाईना. एका दुपारी लख्ख उजेडात स्वयंपाकघरातला दिवा लागला. बंद केला, पुन्हा लागला. कंटाळून भात टाकला, चार घास खाल्ले. दिवा विझला.

मिस्त्रीने वायर बदलली. फरक नाही. उपाशी राहिलो की दिवा लागायचा. एकदा ताट वाढून गाईला घातलं. दिवा तसाच. जामुलला मित्राकडे जेवून आलो, तर स्वयंपाकघरात अंधार.

हळूहळू पँट पुन्हा कमरेला बसू लागली.

उत्कर्षा नेहरू नगरच्या तिच्या घरून आली. प्रोग्रामच्या नोंदीत दर वेळी एकच शेरा होता: अनोळखी शब्द, नियम सोडला.

"बाबा, हा दिवा लागूच शकत नाही. मी नियम मिटवते."

"राहू दे ना. आईचा आहे."

"आईच आहे कशावरून? कोण चालवून राहिलं, मालूम नहीं. उद्या मोटर जाळली तर?"

तिने नियम पुसला. यंत्रही काढून नेलं.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. दुपार उलटल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, जेवले नाही ना?"

"तुले कोणं सांगितलं?"



"माझ्या किचनचा दिवा लागला. यंत्र तर पिशवीतच आहे."

मी गॅस पेटवला. खिचडी होईपर्यंत ती बोलत राहिली. उद्या डबा घेऊन येते म्हणाली. रमा गेल्यापासून आम्ही इतकं बोललो नव्हतो.

पहिला घास गिळला. फोनमधून बटण दाबल्याचा आवाज आला.

"बंद केला?"

"मी तर गच्चीवर आहो, बाबा."