रिकाम्या खुर्चीची चौकट

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्यासोबत घडलंय, आणि स्वतःची लाज झाकायला मी एक अक्षरही बदललेलं नाही.

मंगळवार होता. सकाळचे अकरा. मी घरीच, लॅपटॉपसमोर.

आमचं काम शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत चुका खुणावायच्या. मी प्रमुख.

आमच्यात एक बाई होत्या. सगळे त्यांना 'कानाताई' म्हणायचे, कारण सुटलेला एक काना त्यांच्या नजरेतून निसटायचा नाही. माझ्या चुका तर त्या चारचौघांत काढायच्या. डोक्यात जायच्या अगदी.

दोन महिन्यांपूर्वी वाचन चालू असताना त्या खोकायला लागल्या. मी वैतागून त्यांचा आवाज बंद केला. त्यांना तो परत चालू करता येणार नाही, अशी सोयही केली.

त्यांचे ओठ हलत होते... हात हलत होता...

"कानाताई, आज काना नाही, अख्खा आवाजच सुटला!" मी म्हणालो.

सगळे हसले.

मग त्यांची पिवळ्या उशीची खुर्ची रिकामी दिसली. चहाला गेल्या असतील, म्हणून आम्ही पुढे चाळीस मिनिटं वाचत राहिलो.

त्या खुर्चीमागेच पडल्या होत्या. मुलगी घरी पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

आवाज मी बंद केला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलीलाही मी तोंड वर करून सांगितलं, "त्या काही बोलल्याच नाहीत गं."

तर त्या मंगळवारी मीटिंगमध्ये नवा पर्याय आला होता. जो बोलेल, त्याची चौकट आपोआप मोठी होऊन मधोमध येणार. मी हौसेने तो चालू केला आणि वाचायला लागलो.

"झाडावर पक्षी बसले होते, पूर्णविराम."

माझी चौकट मोठी झाली... आणि लगेच कोपऱ्यात गेली.

मधोमध आली एक रिकामी खुर्ची.

पिवळ्या उशीची.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

बाकीचे चौघेही माना खाली घालून भराभर लिहीत होते.

"ताई, जरा सावकाश सांगा ना..." एकजण म्हणाला.

मला काहीच ऐकू येत नव्हतं!

मग सगळ्यांनी एकदमच माना वर केल्या. आमच्या टंकलेखिकेचे डोळे भरले होते.

"सर, खरंच तुम्ही बंद केला होता?"

मी लॅपटॉप खाडकन मिटला. कुणी फोन करायच्या आत बायकोला आपणच सांगावं, म्हणून स्वयंपाकघरात धावलो. ती टेबलाशी बसली होती.

"अगं, ऐक ना..."

माझ्याकडे न बघताच तिने हात वर केला. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"थांब जरा. त्या बोलतायत."

याला आता तीन आठवडे झाले. ती रोज अकराला तिथे बसते. ऐकता ऐकता मधूनच माझ्याकडे बघते. काल तिने कानाताईंच्या मुलीलाही बोलावून घेतलं.

दोघी तासभर ऐकत होत्या.

मी दारात उभा होतो. मला एक शब्दही ऐकू आला नाही.