दमयंतीचा डबा

"याला तुम्ही लॅपटॉप म्हणता?" डॉ. शालिनी म्हैसाळकरांनी विचारलं.

समोर जमिनीवर जे होतं ते पाहून कुणीही हेच विचारलं असतं. खोदयंत्राच्या हत्यारांची जुनी पत्र्याची पेटी, तिच्या झाकणात एका मोडक्या चांद्रगाडीचा पडदा, कळफलकावर तीन वेगवेगळ्या यंत्रांच्या कळा, आणि बिजागरी म्हणाल तर चक्क कपाटाच्या दाराची. वसाहतीत सगळे त्याला 'दमयंतीचा डबा' म्हणत. दमयंती शेलार ही उंबरठा वसाहतीची खोदकाम अभियंता. फावल्या वेळात भंगार जमवून तिने तो स्वतः जोडला होता, आणि त्याच्यावर तिचा भारी जीव होता.

"दुसरं काय म्हणणार, मॅडम? उघडतो, मिटतो, मांडीवर बसतो," ती म्हणाली.

उंबरठा ही चंद्रावरची लहानशी वसाहत. तिथली रात्र पृथ्वीवरच्या पंधरवड्याएवढी लांब. सूर्य मावळला की सौरपट्ट गप्प होतात आणि सगळा कारभार साठवलेल्या विजेवर येतो. हवा आणि पाण्याची यंत्रं अर्थातच चालू राहतात, पण बाकी सगळीकडे हात आखडता. खोल्यांमधली ऊब कमी करतात आणि टेबलावरचे सगळे संगणक, नियमाच्या भाषेत मेजसंगणक, सूर्यास्ताला बंद करतात. स्वतःच्या विद्युतघटावर चालणारे लॅपटॉप तेवढे रात्रभर वापरायला मोकळे.

नियम सरळ होता, पण माणसं सरळ थोडीच असतात? मागच्या रात्री वसाहतीचे प्रमुख इनास डाबरे यांनीच आपल्या कपाटाएवढ्या संगणकाला दोन पट्टे बांधले, तो पाठीवर घेऊन सगळ्यांसमोर एक चक्कर मारली आणि हा लॅपटॉप आहे असं जाहीर करून टाकलं. चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे त्यांना घामसुद्धा आला नाही. बघता बघता घरोघरी असल्या लॅपटॉपांचं पेव फुटलं. सगळे चोरून मुख्य वीज ओढायला लागले आणि पहाटेपर्यंत साठ्याने तळ गाठला. मग चांद्र मानक मंडळाने पृथ्वीवरून म्हैसाळकरांना धाडलं. लॅपटॉप कशाला म्हणायचं याचं कलम त्यांनीच लिहिलेलं होतं आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत.

डाबरेंच्या कपाटाचा निकाल त्यांनी उभ्या उभ्या लावला. डाबरे वसईचे, हसतमुख माणूस. त्यांनी मुकाट्याने पट्टे सोडले. शेवटी हा डबा उरला. नापास झाला तर सूर्यास्ताला बंद, आणि त्याचे सुटे भाग भांडारात जमा.

"वजन जास्त आहे," म्हैसाळकर म्हणाल्या.

"नियमात वस्तुमान लिहिलंय की वजन?"

"वजन," म्हैसाळकर म्हणाल्या.

"मग काटा लावा. इथलं वजन इथल्या काट्यावर."

काट्याने दमयंतीची बाजू घेतली. म्हैसाळकरांनी ते मान्य केलं. बाईंचा हा गुण होता, स्वतःविरुद्ध गेलं तरी त्या आकडा नाकारत नसत. पडदा आणि कळफलक एकाच कवचात आहेत, मान्य. स्वतःचा विद्युतघट, तोही मान्य. मग त्यांनी डब्याच्या मागच्या बाजूला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हा तापतोय. आणि हे इथे काय ठेवलंय?"

मागच्या जाळीवर स्टीलची एक झाकणाची वाटी बसवलेली होती.

"विरजण," दमयंती म्हणाली.

"दही लावता तुम्ही संगणकावर?"

"चंद्रावर दही लागणारी ही एकच जागा आहे, मॅडम," डाबरे दारातून म्हणाले. "बाकी सगळीकडे दूध रात्रभर दूधच राहतं. दमयंतीताईंचा डबा बंद झाला तर आम्ही जेवायचं कशाशी?"

"म्हणजे ही शेगडी आहे," म्हैसाळकर म्हणाल्या. "जी मधल्या वेळात आकडेमोड करते. खोलीत शेगडी चालत नाही."

आता दमयंतीने पदर खोचला, म्हणजे खोचला असता. अंगात वसाहतीचा जाड डगला होता. "मॅडम, तुम्हाला मी काय सांगू? संगणकात गेलेली वीज जाते कुठे? शेवटी सगळी उष्णताच होते. हिशोबाने पाहिलं तर प्रत्येक संगणक शेगडीच."

"पूर्वीचे, हो. आताचे नाहीत." म्हैसाळकरांनी आपला मान्यताप्राप्त लॅपटॉप बॅगेतून काढला. पापडासारखा पातळ. वसाहतीत सगळ्यांकडे हाच होता. "जुना संगणक प्रत्येक पायरीला आधीचा आकडा पुसतो आणि पुसण्याची किंमत उष्णतेत मोजतो. हा परतगणनेवर चालतो. काही पुसतच नाही. उत्तर मिळालं की आल्या पावली मागे जातो, आणि वापरलेली वीज जवळजवळ सगळी परत घेतो. हात लावून बघा."

दमयंतीने हात लावला. पत्रा गार पडला होता.

"माझा डबा जुन्या वळणाचा आहे," ती म्हणाली. "पुसतो, विसरतो, तापतो. पण तापतो म्हणून तो लॅपटॉप नाही असं तुमच्या कलमात कुठे लिहिलंय?"

तसं लिहिलेलं नव्हतं. कलमात एवढंच होतं की परीक्षकाने त्या जागच्या रिवाजाप्रमाणे बसून, यंत्र मांडीवर घेऊन सलग एक प्रहर काम करावं. अंगाला सोसेना म्हणून मधेच खाली ठेवावं लागलं, तर तो लॅपटॉप नव्हे, मेजसंगणक. आणि तुलनेसाठी आधी मान्यताप्राप्त यंत्रावर हीच परीक्षा करावी.

"मी हे लिहिलं तेव्हा लोकांच्या मांड्या भाजत होत्या," म्हैसाळकर म्हणाल्या. "तुमचा डबा तिथेच अडकणार. चला, आधी माझा."

त्यांनी खुर्ची शोधली. उंबरठ्यावर खुर्ची नव्हती. पृथ्वीवरून चंद्रावर खुर्ची आणण्यापेक्षा सतरंजी आणावी असं पहिल्या तुकडीने ठरवलं, आणि तेव्हापासून सगळे खालीच बसत. म्हैसाळकर मांडी घालून बसल्या, पापड मांडीवर ठेवला आणि अहवाल लिहायला लागल्या.

सूर्यास्त जवळ आला तशी काटकसर सुरू झाली होती, भिंतीतली ऊब उतरत चालली होती. सुरुवातीला त्या भराभर टंकत होत्या. थोड्या वेळाने दर ओळीनंतर हात चोळायला लागल्या. मग बोटं आखडली, चुका व्हायला लागल्या. पायांखालून सतरंजीचा आणि वरून पत्र्याचा असा दुहेरी गारवा. दमयंतीला बघवेना.

"मॅडम, गोधडी देऊ का मांडीवर घ्यायला?"

"नको. मग ती गोधडीची परीक्षा होईल."

प्रहर अर्धाही सरला नव्हता. म्हैसाळकरांनी लॅपटॉप उचलला, बाजूच्या खोक्यावर ठेवला, आणि त्याच क्षणी आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. डाबरेही समजले होते, पण त्यांनी शहाणपणाने छताकडे नजर लावली.

"आता तुमचा द्या," म्हैसाळकर म्हणाल्या.

दमयंतीने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मांडी घालून बसणाऱ्यासाठीच तिने बूड रुंद ठेवलं होतं, त्यामुळे तो नीट टेकला. पत्र्यातून हळूहळू ऊब आली. म्हैसाळकरांचे खांदे खाली आले. कळांच्या फटींतून गरम हवा मनगटांवर येत होती, कळा वेगवेगळ्या असल्या तरी बोटं आता ऐकत होती. दमयंती भिंतीला टेकून बसली आणि दर थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डबा कधी खाली येतो याच्या धास्तीने तिने चहाही घेतला नाही.

प्रहर सरला. डबा मांडीवरच होता.

म्हैसाळकरांनी निकाल तिथेच, डब्यावरच लिहिला आणि वाचून दाखवला. शेलार यांचं यंत्र हे लॅपटॉप आहे. दमयंतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला रडू येत होतं आणि हसूही.

"पुढे ऐका," म्हैसाळकर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मान्यताप्राप्त यंत्र मात्र या वसाहतीत मांडीवर प्रहरभर सोसत नाही. ते मेजसंगणक ठरतं. आणि मेजसंगणक सूर्यास्ताला बंद होतात."

"सगळ्यांचे?" डाबरेंनी विचारलं.

"सगळ्यांचे. माझाही."

"पण मॅडम, ते वीज खातच नाहीत जवळजवळ."

"कलमात विजेबद्दल काही नाही. मांडीबद्दल आहे. ते बदलायचं तर मंडळाची सभा लागेल, आणि सभा पृथ्वीवर, इथे उजाडल्यावर."

डाबरेंनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांना हसू आवरेना. म्हणजे अख्ख्या उंबरठ्यावर आता लॅपटॉप एकच, आणि तो हत्यारांच्या पेटीतला.

सूर्य गेला. एकेका खोलीतले पडदे विझत गेले आणि ज्याचा ज्याचा पडदा विझला तो तो माणूस आपली सतरंजी काखोटीला मारून दमयंतीच्या खोलीत आला. कुणाला घरी निरोप धाडायचा होता, कुणाला नुसतं बसायचं होतं. वाटीतलं दही लागलं होतं. दमयंतीने चमच्याने सगळ्यांना थोडं थोडं वाढलं आणि शेवटचा चमचा नव्या दुधात घातला. एवढी माणसं तिच्या खोलीत आजवर कधी मावली नव्हती, आणि आज ती सगळी मावली याचंच तिला फार बरं वाटत होतं.

मधोमध म्हैसाळकर बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. अहवाल केव्हाच रवाना झाला होता.

डाबरे रांगेत पहिले होते. बराच वेळ वाट पाहून ते वाकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, प्रहर कधीचा संपला."

"मला ठाऊक आहे," म्हैसाळकर म्हणाल्या, आणि त्यांनी डबा आणखी जरा जवळ ओढून घेतला.